हरेशदादाचा फोटो किल्ल्याच्या भिंतीवर

मंडळी, एक विचारायचंय, आणि उत्तर सकाळच्या आत पाहिजे.

आज खरं तर वाणगावला निघालेलो. पण संध्याकाळी शिरगावच्या किल्ल्याच्या भिंतीवर प्रोजेक्टरने गावातल्या माणसांचे मोठे मोठे फोटो दाखवणार म्हणून मधेच तिकडे वळलो. त्यात तिथल्या मच्छीमार हरेशदादाचा फोटो मी काढलेला होता, जाळं शिवताना हसतानाचा.

तो भिंतीवर आला आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात वयनी, म्हणजे दादाची बायको, माझ्या अंगावरच आली.

"मानूस दर्यात हाय आन् तू त्याला भिंतीवर लावतोस? वर उजेड पन पाडतोस? भिंतीवर फोटो कोनाचा लावतात, ठाव नाय तुला?"

दादाची बोट दुपारीच यायची होती, आलीच नव्हती. फोनही लागत नव्हता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

प्रोजेक्टरवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, फोटो आपोआप फिरतात, एकच काढता येत नाही. म्हणून दादाचा फोटो आला की मी सरळ लेन्ससमोर हात धरायचो.

"ए येड्या, बाजूला हो!" लोक ओरडत होते. मी हललो नाही.

तासाभराने बोट लागली. इंजिन बंद पडलं होतं. उतरल्या उतरल्या दादा म्हणतो, "काय रे, माजा फोटो लागला काय?"

वयनी माझ्याकडे बघत होती.

"नाय लागला," मी म्हटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

उद्या कोणीतरी त्याला सांगणारच. त्याआधी मीच जाऊन सांगू का? मग वयनीला काय वाटेल?