गणपतीमागचा पडदा

गेल्या आठवड्यात मी स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश होते... फार काळ नाही म्हणा!

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या मागचा पडदा दरवर्षी साठेकाका रंगवतात. काकांचा जन्म इथलाच, नोकरीही इथेच, आता शहरातल्याच बेहाला भागात राहतात. यंदा त्यांचा हात थरथरतो म्हणून कमिटीने ते काम माझ्यावर टाकलं... म्हणजे खरं तर एआयवर.

लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या आणि सह्याद्री हजर! किल्ला, ढग, दीपमाळ, सगळं इतकं झकास की फोटोच वाटावा. लगेच फ्लेक्स छापून घेतला. काकांचं इतक्या वर्षांचं काम मी एका दुपारी उरकलं होतं, त्यामुळे त्यांना काय वाटेल याची धाकधूक मात्र होती.

स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे हॉलवर जमले. आमच्याकडे पद्धतच आहे... काका नुसत्या रेघा आखून देतात आणि आलेला प्रत्येक जण त्यात रंग भरतो. ज्याला जमतं तो, आणि ज्याला अजिबात जमत नाही तोही! बदली होऊन आलेल्या कुटुंबांची ओळखदेख होते ती त्याच संध्याकाळी. माझीही तशीच झाली होती.

यंदा फ्लेक्स आधीच टांगलेला. सगळ्यांनी "वा, मस्त" म्हटलं, फोटो काढले... आणि थोड्याच वेळात जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. अमरावतीहून नुकतीच आलेली प्राची खांबाशी एकटीच उभी होती. तिला बघून मला एकदम कसंतरी झालं.

तेवढ्यात काका आले, खांद्याला रंगांची पिशवी. "सवयीनं आणली गं," म्हणाले. मग फ्लेक्स नीट निरखून पाहिला.

"सुरेख झालंय. मला असा किल्ला जन्मात जमला नसता." हॉलभर नजर फिरवून हळूच म्हणाले, "पण मेघना, आज या मंडळींनी करायचं काय?"

मी खांबाशी उभ्या प्राचीकडे पाहिलं. काकांनीच फ्लेक्सचा कोपरा उचलून मागे पाहिलं... मागची बाजू कोरी, पांढरी!

"उतरवा रे हा. उलटा पसरा जमिनीवर."

थरथरत्या हाताने त्यांनी डोंगर आखले. रेघ वाकडी गेली की म्हणायचे, "इथे आता झाड येणार." पहिला ब्रश त्यांनी प्राचीच्या हातात दिला. थोड्या वेळाने ती कोपरापर्यंत हिरवी होऊन मला तिच्या सासूच्या गमती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी बाप्पा बसले ते त्या ओबडधोबड सह्याद्रीसमोर. एक डोंगर जांभळा, एक ढग चक्क चौकोनी...

आरतीनंतर हॉलशेजारच्या बंगाली मासिमा प्रसादाला आल्या. पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी काकांना विचारलं, "के एँकेछे?" कोणी काढलंय?

"आमरा शोबाई," काका म्हणाले. आम्ही सगळ्यांनी.

काकांनी आजवर एकाही पडद्यावर सही केलेली नाही. मला तो त्यांचा विनय वाटायचा... पण ते चित्र एकट्याचं नाहीच, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि मी निघाले होते त्यांचे कष्ट वाचवायला!