बाभळीची गिटार

आमच्या घरात दोन गिटारी हुत्या, मांडीवर घिऊन वाजवायच्या. पोरं गळ्यात पट्टा आडकवून वाजवत्यात ती न्हवं. ही लेकरावानी मांडीवर आडवी निजवायची. उजव्या हातानं तारा छेडायच्या आन डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत रोळ धरून तारांवरनं सरकवायचा. रोळ सरकंल तसा सूर सरकतो. जात्यावर बाई वढून गाती ना, तसा.

दोन्ही मालकांच्या. एक पोकळ, एक भरीव. मी दुसरीत शाळा सोडली, मला त्यातलं शास्तर काय ठावं. पन सारी जिंदगी त्या दोघींच्या शेजारी भाकरी थापल्या. सुनंचं गुनदोष जसं सासूला पाठ आसत्यात, तसं मला त्यांचं पाठ हायेत.

भरीव थोरली. तवा आमी दर साली श्रीरामपूरकडं कारखान्याला ऊस तोडाय जायचो. गाव आमचं शेवगावच्या पल्याड. दिवाळी सरली की इहिरीत खडक दिसायचा, मंग गाडीत भांडी टाकायची न निघायचं. पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं, वाकून आत, वाकून भाईर. लगीन झालं त्याच साली माज्या हातात कोयता आला. थोरली लेक तिकडंच फडाच्या बांधाला झाली. तिच्या पाठीवरचा तिकडंच ग्येला, तापानं. बाया इचारत्यात, कसं सोसलं गं? सोसतंय कोन. दुसऱ्या दिशी मोळ्या बांधायच्या आसत्यात.

कारखान्यात एक फिटर हुते, ख्रिस्ती मानूस. रविवारी दुपारी क्वार्टरच्या ओट्यावर बसून ही मांडीवरची गिटार वाजवायचे. आमची गाडी खाली व्हायच्या रांगंत उभी आसायची. मालक लांबून आयकायचे. बैलांना पानी पाजायचं निमित्त काढून सरकत सरकत जवळ जायाचे. एकाच दुपारी बैलांना इतक्या बारी पानी पाजलं की बैल तोंड फिरवाय लागलं.

पट्टा पडल्यावर, म्हंजी सीझन सरल्यावर, गावाकडं आलो तर हे सरळ सुताराच्या दारात. सुतार औतं करनारा. नांगर, कुळव, तिफन, ह्यापल्याड त्याच्या हाताला काय ठावं न्हवतं.

"आतनं पोकळ आसती का भरीव?" त्यानं इचारलं.

"आता मी काय हात घालून बघितलं व्हय? मधी एक गोल काळं दिसतंय."

"भोक हाय?"

"आसंल. न्हाईतर रंगवलेलं आसंल."

"मंग रंगवलेलंच. लाकडाला भोक पाडलं की उन्हाळ्यात चिरतंय, येवढं कोनबी सांगंल. कुळवाच्या आडव्या दिंडाला बाभळीचा तुकडा वाळवून ठिवलाय, त्यातनं काढून देतो. नातवाच्या नातवाला पुरंल."

आन दिली की काढून! पाटा उचलावा आसं वजन. मधी गोल हवं म्हून मालकांनी गाडीच्या चाकाचं वंगन घिऊन काळा टिळा लावला. आजबी तो टिळा हाय, पुसला तर हाताला काळं लागतंय.

पुढच्या साली कापडात गुंडाळून ती गाडीत घातली. फिटरनं कापड सोडलं आन हसून हसून ओट्यावर बसले. "आरं बाबा, ह्याच्यानं तारा वाजवतोस का रान कुळवतोस?" पन मानूस मनाचा. हसले तसं कामाला लागले. एका मोडक्या गिटारीच्या खुंट्या काढून बसवल्या. मोठ्या बेअरिंगमधला एक रोळ दिला, हातात धरायला. ज्या पट्टीवर तारा टेकत्यात तिला घोडी म्हनत्यात, ती माज्या मोडलेल्या कोयत्याच्या पात्यातनं घासून केली. तारा चांगल्या बोटभर उंच घेतल्या. मालकांना वाटलं चुकून उंच झाल्या. फिटर म्हनले, "उंचच पायजेत. खाली ऱ्हायल्या तर रोळ लाकडाला लागून खरखरतो. आन सगळ्या तारा आशा मिळवायच्या की रोळ न ठिवता नुसता हात फिरवला तरी एकमेकीला धरून बोलल्या पायजेत. भावकीवानी न्हाई, जावाजावांवानी बी न्हाई."

मंग वाजवली. आवाज चिलटायेवढा. पलीकडच्या कोपीतली बाई म्हनली, "गं बाई, मुकी लेक झाली की तुला!"

पन फिटरनं लाकडाला कान लावला आन हात वर करून आमाला गप केलं. लई येळ तसेच. मंग म्हनले, "मरतच न्हाई की सूर. माज्या गिटारीचा कवाच मेला आसता."

ह्योच त्या दोघींतला सगळा फरक. पुढं फिटर कारखाना सोडून लेकाकडं ग्येले तवा त्यांची पोकळ गिटार मालकांना देऊन ग्येले. तिचा आवाज भरून येतो, दाराभाईर जातो, आन लगीच इरतो. दिवाळीचा अनारच. भजनात पेटीच्या जोडीला बसायचे हे, तर पार वेशीपतूर आयकू यायची. पन नाजूक. उन्हाळ्यात तिचं लाकूड वढायचं, पावसाळ्यात फुगायचं, सूर दर घडीला मिळवावा लागायचा. तारांच्या वढीनं घोडीखाली पोट वर आलं तिचं. बाभळीला ऊन न्हाई, पाऊस न्हाई. एकदा मिळवली की पुढच्या सनापतूर तशीच. पोकळीचा आवाज गोड, खडीसाखरंवानी. बाभळीचा कोयत्याच्या घोडीमुळं जरा धारंचा, पन सरकत ऱ्हातो, सरकत ऱ्हातो. पोकळ गिटार चारचौघांची. बाभळीची जवळ बसंल त्याची. कोपीत ती वाजली तरी शेजारच्याला कळायचं न्हाई. मला कळायचं.

पुढं धाकटा ल्योक नागापूरला यमायडीशीत कामाला लागला, आमी त्याच्याकडं आलो. दोन खोल्या. गिटारी भितीला, खिळ्यावर.

मागल्या साली सकाळी च्या पेताना मालकांच्या हातातनं कप सुटला. मी वरडाय लागले, नवा कप हुता. मंग बघितलं तर तोंडबी वाकडं. उजवी बाजू ग्येली, बोलनं ग्येलं. दवाखाना, मालिश, समदं झालं. काठी धरून पाय वढत चालाय लागले, उजवा हात मातर तसाच लोंबकळता. आन एक दिवस डाव्या हातानं गिटारींकडं बोट केलं आन दाराकडं केलं. न्या म्हनून. मंग भितीकडं तोंड करून निजले. त्या दिसापासनं तेच. भाकरीचा निम्मा तुकडा, आन भित.

मानूस दुखन्यानं जात न्हाई, आसा भितीकडं तोंड करून जातो. मी बघितलेत जाताना.

ल्योक म्हनला, "आये, बघून बघून त्यांना तरास हुतोय. श्रीरामपूरच्या चर्चमधी गानं बसवनारे एक सर हायेत, त्यांना अशी गिटार पायजे. रविवारी येत्यात. त्यांना एखादी आवडली तर देऊ."

"एखादी, का दोन्ही देतोस?"

"आबाच म्हनलेत ना न्या म्हनून."

"आबा म्हनले न्हाईत, बोट केलं," मी म्हनले.

रविवारी सर आले. वयस्कर, सभ्य, चपला लांब काढून आत आले. खाटंवर मालक, भितीकडं तोंड. सर खाली सतरंजीवर बसले आन आधी पोकळ घेतली मांडीवर. खालून वरून बघितली, पोटावर टिचकी मारली. म्हनले, "पोट सुटलंय हिचं, पन आवाज सुरेख आहे. दुरुस्त होईल." थोडं वाजवलं. खोली भरली. मालक हालले न्हाईत.

मंग बाभळीची उचलली. "बाप रे! आजी, हे काय, उखळ आहे का?"

"कुळव हाय," मी म्हनले.

"आणि हे भोक रंगवलंय?"

"वंगनानं. हात लावू नका, काळं हुतंय."

सर हसले, मीबी हसले. सून पदर तोंडाला लावून आत पळाली. सरांनी तार छेडली आन इकडं तिकडं बघितलं. "आवाज कुठंय?"

"कान लावा."

त्यांनी लावला. पन त्यांना सवय हलक्या गिटारीची. रोळ वरच्यावर धरला, टेकवला न्हाई नीट, आन बाभळीच्या तारा खरखरल्या. ही गिटार वजन मागती. सरांनी परत वाजवली, परत खरखर. परत.

"आं!"

खाटंवरनं आवाज आला. आमी समदी वळलो. मालक कुशीवर झालेले, आन चेहरा आसा की कुनी बैलाला उलटं जू घातलंय. "आं! आं!" डावा हात पुढं.

"रोळ मागत्यात," मी म्हनले. सरांनी दिला. लेकानं धरून बसवलं, पाठीला उशी लावली. बाभळीची मांडीवर ठिवली. त्या वजनानं मांडी दबली, पन पाय हालला न्हाई. उजवा हात मी उचलून लाकडावर ठिवला, त्याला कळतंय का न्हाई ठावं न्हाई. मालकांनी रोळ तारांवर टेकवला, चांगला दाबून, तिरपा करून बघितला, सरळ केला, आन माज्याकडं बघितलं.

"मी?" मी म्हनले. "मला काय येतंय? सर छेडत्यात की."

त्यांनी मान हालवली. न्हाई.

सरांनी बोटात घालायच्या नख्या फुडं केल्या. माज्या बोटात त्या शिरनात, गाठी झाल्यात कोयत्याच्या. नख्या ऱ्हाऊ द्या म्हनले. माजा आंगठाच शिंगावानी हाय. त्यांच्या उजव्या अंगाला गुडघ्याला गुडघा लावून बसले आन छेडली तार.

रोळ सरकला. सूर लांबला, बारीक, धारंचा. मी दुसऱ्यांदा छेडली तवा रोळ अजून जाग्यावर आला न्हवता. खरखर झाली.

"आं!"

"आवं, तुमीच हळू सरकवताय!"

"आंऽ!"

"मंग डोळ्यानं खूण करा, मला काय सपान पडतंय व्हय!"

ल्योक दारात उभा राहून हसाय लागला. "आये, भांडू नका. सर काय म्हनतील?"

सर म्हनले, "भांडू द्या हो."

मंग त्यांनी भुवई उचलायची, मी छेडायची, आसं धरलं. भजनातली एक साधी चाल हाय, आरतीच्या आधीची. तिचा निम्मा भाग झाला. पोकळ गिटार आसती तर आमच्या सगळ्या चुका शेजारपाजाऱ्यांनी आयकल्या आसत्या, आन त्यांनी रोळ टाकून दिला आसता, मी वळखते ना. हिच्या चुका हिच्यापाशीच ऱ्हायल्या. सरांनी कान लाकडाशी नेलेला, सून दारातनं इचारती, "वाजवलं का? मला तर काय आयकूच आलं न्हाई."

सरांनी पोकळ गिटार नेली. जाताना म्हनले, "बाबा, हिला खालून वायर बसवून देऊ का? भरीव लाकडाला ती छान लागते. खोक्यातनं मोठा आवाज येईल." मालकांनी मान हालवली. मंग जिभंला लई वढून, लाळ गळत, एकच शबूद काढला. "नको."

त्या आजारानंतरचा त्यांचा पहिला शबूद ह्योच. मला म्हनाल तर मी खूस झाले. नको म्हननारा मानूस हाय म्हंजी त्याला काय तरी हवं आसतंय.

आता जेवनं झाली की रोज बसतो. मला तरास लई. भांडी तशीच पडत्यात, सून कुरकुरती. मालक मास्तर झालेत, चुकले की डाव्या हातातल्या रोळानं माज्या आंगठ्याला ढोसत्यात. त्यांचा रोळ सुधारला, माजा आंगठा अजून येळंवर येत न्हाई. एक चाल बसली तोडकीमोडकी.

काल मी म्हनले, "झाली एक चाल, पुरं की आता. म्हातारपनी किती शिकायचं?" आन उठाय लागले, तांदूळ निवडायचे हुते. तर त्यांनी रोळ उचलून दुसऱ्या चालीच्या जाग्याला नेऊन ठिवला, आन भुवई वर करून माज्या आंगठ्याकडं बघत बसले.

मी सुनंला म्हनले, तांदूळ तू बघ गं. आन बसले.