बैठकीचा भत्ता

परतवाड्याकडच्या आमच्या कालव्यावर शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे. तिचा मी सात वर्षांपासून अध्यक्ष. पाणी कुणाला कधी द्यायचं हे आम्ही संचालक ठरवतो, आणि त्याचा एक रुपया घेत नव्हतो. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

संचालकांत एक बाई होत्या. कालव्याच्या शेवटाला त्यांचं दोन एकर वावर, एरवी दुसऱ्याच्या शेतात मजुरी. बैठक असली की त्या दिवसाची मजुरी बुडायची, वर जीपचं भाडं. तरी एक बैठक चुकवली नाही. कुठं पाण्याची चारी फुटली, कुणी गेट वाकवलं, हे त्यांनाच ठाऊक असायचं. आमच्यात सगळा कालवा पायी फिरणाऱ्या त्या एकट्याच.

एका आमसभेत त्यांनी संचालकांना बैठकीचा भत्ता द्यावा असा ठराव मांडला. लोक हसले. संत्र्याचा मोठा बगीचा असलेले एक जुने संचालक म्हणाले, की ही सेवा आहे, सेवेची मजुरी कोणी मागत नसतं. बाई उभ्याच राहिल्या.

"तुमी इथं बसले तरी तुमच्या वावरात काम चालू रायते, भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या घरचा गडी मीच."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांचं बरोबर होतं, मला कळत होतं. पण संस्थेची निवडणूक तोंडावर होती. मी मान खाली घालून कागद चाळत राहिलो. ठराव पडला. पुढच्या बैठकीला बाईंऐवजी त्यांचा राजीनामा आला.

त्या हिवाळ्यात शेवटच्या वावरांत पाणी पोचलंच नाही. वर कुठं अडलं, सांगणारं कोणी नव्हतं. मी स्वतः बघायला निघालो. अर्ध्यावर गुडघे बोलू लागले, परत फिरलो. तिकडचा हरभरा वाळला, बाईंचाही.

पुढच्या आमसभेत तोच ठराव मी मांडला. सेवेचं तेच बोलणं पुन्हा ऐकून घेतलं. थोडक्या मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. माझं चुकलं म्हणालो, परत या म्हणालो. त्यांनी चहा ठेवला.

"मी थकली आता," त्या म्हणाल्या. "शेजारची सून हुशार हाय. तिले घ्या."

तिला घेतलं. ती कालवा फिरते, सही करून भत्ता नेते. बगीचेवाले भाऊही नेतात. अध्यक्ष अजून मीच. दुसरं कोणी तयार होत नाही.