आप्पाराव स्टिरिओत गातात

पाटोद्यात कुणालाही विचारा, आप्पारावांचा आवाज कसा आहे म्हणून. माणूस आधी इकडंतिकडं बघेल आणि मग म्हणेल, "मानूस लई चांगला हाय." यातच काय ते समजून घ्या.

आप्पाराव एस.टी.त कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडवर माईकपुढं बसून गाड्या पुकारण्यात गेली. "मांजरसुंबा, पाली मार्गे बीडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हे वाक्य ते असं काही घोळवून म्हणायचे, की ज्याला बीडला जायचं नाही तोसुद्धा पिशवी उचलायचा. झालं! एवढ्यावरून या गृहस्थांनी ठरवून टाकलं की आपला गळा गाण्याचा आहे. अहो, पुकारणं वेगळं आणि गाणं वेगळं. कोंबडाही रोज वेळेवर पुकारतो, म्हणून त्याला कुणी मैफलीला बोलवत नाही. पण हे आप्पारावांना सांगणार कोण?

सांगू शकली असती ती एकच बाई, त्यांची बायको छबुबाई. पण ती बोलायचीच नाही. आप्पाराव न्हाणीत गायले, शेजारच्या बारशात गायले, सासुरवाडीला पंगतीत उभं राहून गायले. छबुबाईंनी ना बरं म्हटलं, ना वाईट. गाणं संपलं की म्हणायच्या, "च्या निवायलाय." आप्पारावांना लोकांच्या कौतुकाची हौस नव्हती असं मी म्हणणार नाही, लई होती. पण खरी भूक होती ती या एका तोंडातून एक शब्द ऐकायची. रिटायर झाल्यावर तर ती भूक फारच वाढली. माणूस रिकामा बसला की त्याला असली दुखणी आठवतात.

अशात बंकटनं कराओके हॉल काढला. बंकट म्हणजे लग्नात डीजे लावणारा गडी. खताच्या दुकानावरचा हॉल त्यानं भाड्यानं घेतला, भिंतीला पडदा ठोकला, दोन बाजूंना दोन स्पीकर उभे केले आणि शनिवारी संध्याकाळी गाणी सुरू केली. मशीन नुसतं वाजवणार, शब्द पडद्यावर पळणार, गायचं आपण. बसायची रीत मात्र आपल्याकडची. उजवीकडं बाप्ये, डावीकडं बाया. उजवीकडं पहिल्या रांगेत सोफा, तो विठ्ठलरावांचा. विठ्ठलराव म्हणजे गावचे मोठे बागायतदार, झेंडा कुठल्याही पक्षाचा असो, सोफा त्यांचाच. आणि कूलर कुठं? सोफ्याशेजारी. कूलरला पण कळतं कुणाकडं तोंड करायचं ते!

पहिल्या शनिवारी आप्पाराव गायले. गाणं संपल्यावर हॉलमध्ये नुसता कूलर ऐकू येत होता. मागून कुणीतरी एकट्यानंच दोन टाळ्या वाजवल्या आणि तोही चूक झाल्यासारखा खाली बसला. आप्पारावांनी डावीकडं बघितलं. छबुबाई पदर सावरत होत्या.

रात्रभर आप्पारावांच्या डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून त्यांनी पुण्यातल्या भाच्याला, प्रवीणला, फोन लावला. आवाज कुठं कमी पडतोय ते सांग म्हणाले. भाचा बिचारा मामाला वाईट कसं सांगणार? तो म्हणाला, "मामा, तिकडं साउंड मोनो असंल. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. इकडं सगळीकडं स्टिरिओ हाय. डाव्यातून वेगळं वाजतं, उजव्यातून वेगळं. स्टिरिओत आवाज खुलतो."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर बुडत्याला अख्खा पूल सापडला. आप्पाराव तडक चहाच्या हॉटेलात गेले. "मोनो हाय बे, मोनो! मोनोत आवाज दबतो!" आता मोनो म्हणजे काय, स्टिरिओ म्हणजे काय, तिथं कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. पण पुण्याला काहीतरी आहे आणि आपल्याला ते नाही, एवढं कळलं की आमच्या माणसाला पुढचं काही कळायची गरज राहत नाही. "पुन्याला स्टिरिओ, सगळीकडं स्टिरिओ, आन आमाला मोनो? कावून? आमी काय कुनाचं घोडं मारलंय?" आठ दिवसांत हा मराठवाड्यावरचा अन्याय झाला. विठ्ठलरावांचंही गाणं आप्पारावांच्याच लायनीतलं, म्हणून त्यांनीही जाहीर करून टाकलं की पाटोद्याला स्टिरिओ मिळाल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही. एरवी ते फार अस्वस्थ असायचे असं नाही.

बंकट हात जोडून म्हणाला, "आप्पा, मोनोच बरा हो. सगळ्यांला सारखं ऐकू येतंय."

"सारखं ऐकू येतंय हीच तर बोंब हाय!" आप्पाराव म्हणाले.

शेवटी बंकटनं स्टिरिओ केला. केला म्हणजे काय केलं, तर इतके दिवस मोकळी लोंबकळणारी दुसरी वायर उजव्या स्पीकरला खुपसली. आणि इथंच सगळा घोटाळा झाला. बंकटकडची गाणी होती शिकाऊ गायकांसाठी केलेली. त्यांच्या डाव्या बाजूला नुसतं वाजवणं, आणि उजव्या बाजूला वाजवण्याबरोबर कुणा पट्टीच्या गायकाचा आवाज, नवख्यानं त्याच्यामागं मागं म्हणावं म्हणून. मोनोत बंकट डाव्याच बाजूचं दोन्ही स्पीकरला द्यायचा, म्हणून तो गायक कधी बाहेर आलाच नव्हता. आता तो उजव्या स्पीकरमधून दणक्यात बाहेर आला.

आप्पारावांनी तोंड उघडलं आणि सोफ्यावरचे विठ्ठलराव ताठ बसले. काय सूर, काय हरकती! उजवी बाजू डोलायला लागली. "हुबेहूब रेकॉर्ड!" मागून कुणीतरी ओरडलं. रेकॉर्डच होती ती, पण हे कळायला डोकं लागतं आणि सगळी डोकी हलण्यात गुंतलेली. इकडं डावीकडच्या बायांना मात्र नुसते आप्पारावच ऐकू येत होते, जसे होते तसे. त्या पदरात तोंड खुपसून खिदळत होत्या. एकाच हॉलमध्ये एकाच वेळी दोन वेगळी गाणी चालली होती. बाप्ये बायांवर डाफरले, "बायांला स्टिरिओ कळत न्हाई!" आणि बाया म्हणाल्या, "ह्यांच्या कानात बोळे घातल्यात का काय!"

आप्पाराव मात्र उजव्या स्पीकरजवळ उभे. त्यांना वाटलं, खुलला! अखेर आवाज खुलला! दुसऱ्या कडव्यात तर ते भलत्याच जोरात आले आणि त्यांना ठसका लागला. दोन्ही हातांनी तोंड दाबून ते खोकले. पण गाणं थांबलं नाही. तान तशीच वर गेली, फिरली आणि अलगद खाली आली.

"वा! काय दम हाय मानसाचा!" विठ्ठलराव म्हणाले. "खोकला तरी सूर सोडला न्हाई!"

आप्पारावांचे हात तोंडावरच राहिले. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. ते काही खुळे नव्हते, हौशी होते. त्यांनी बंकटकडं बघितलं. बंकट वायरीच्या गुंत्यात काहीतरी हरवल्यासारखा शोधत होता. त्यालाही कळलं होतं. पण हॉल भरलेला आणि गिऱ्हाईक खूश, मग कोण कशाला बोलतंय? आणि आप्पाराव? आप्पारावांनी तोंडावरचे हात काढले आणि पुढच्या कडव्याला फक्त ओठ हलवले. टाळ्यांनी हॉल दणाणला. लाज वाटली का? वाटली. पण टाळ्या गोड लागतात, खोट्या असल्या तरी.

त्यानंतर पाटोद्याला गायकांचा सुळसुळाट झाला. सोफ्यावर बसणारे सगळे गायला लागले आणि एकमेकांना ऐकून थक्क व्हायला लागले. विठ्ठलराव तर बडीशेप खात खात गायचे, तरी एक शब्द तुटायचा नाही. अमक्याचा आवाज तमक्यासारखा कसा काय येतो, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याचाही नंबर पुढं होताच ना.

उन्हाळा तापला तशा बायाही एकेक करून उजवीकडं सरकल्या. कूलर तिकडं, आणि गाणंही तिकडून बरं लागायचं. बघता बघता डावी बाजू ओस पडली. एकट्या छबुबाई तेवढ्या आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या, पदरानं घाम पुसत. आप्पारावांनी दोनदा खूण केली, इकडं ये म्हणून. त्या हलल्या नाहीत. आणि घरी गेल्यावर शब्दही नाही. सगळं गाव डोक्यावर घेतंय आणि ही बाई म्हणते, च्या निवायलाय!

मग विठ्ठलरावांनी 'तालुका गानरत्न' सत्कार जाहीर केला, आप्पारावांचा. फ्लेक्स लागला. त्या फ्लेक्सवर विठ्ठलरावांचं तोंड मोठं आणि गानरत्नाचं लहान, ते सोडून द्या. सत्काराच्या दुपारी आप्पारावांना राहवलं नाही. कुणीतरी सोफ्यावरून मोबाईलमध्ये भरलेलं त्यांचं गाणं त्यांनी छबुबाईपुढं लावलं. तिनं ऐकलंच नाही ना उजवीकडचं! ऐकल्यावर तरी बोलेल.

छबुबाईंनी भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "कोन हाय हा?"

"अगं मी! आनखी कोन?"

"न्हाई. ह्यात तुमी मागं कुठंतरी हाव, दाराआडून बोलल्यावानी. म्होरं दुसराच बाप्या गायलाय."

आप्पारावांचा चेहरा पडला. चोरी गावात नाही, घरातच पकडली गेली. मग ते उगीचच चिडले. "मंग तुला काय त्याचं! तिथं घामात कावून बसतीस एकटी? सगळ्या बाया कूलरम्होरं बसत्यात, अन तू तिथं भुतावानी!"

"स्टँडच्या मागं ऱ्हात होतो आपन," छबुबाई म्हणाल्या. "दुपारची बीडची गाडी पुकारली, की मी चुलीवर तवा ठेवायची. आता येतील म्हनून. एवढी वर्सं तुमच्या आवाजावर सैपाक केला मी. आता एका कूलरपायी परक्या बाप्याचं गानं ऐकत बसू? तिकडं सरकलं की तुमी ऐकू येत न्हाईत." आणि त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

 आप्पारावांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला. डोळे भरून आले होते त्यांचे. भाजीत डोळे भरून येण्यासारखं काही नव्हतं, नुसती मेथी होती.

संध्याकाळी हॉल खचाखच. हार झाला, शाल झाली, नारळ झाला, विठ्ठलरावांचं भाषण तर झालंच झालं. मग आप्पाराव गायला उठले. माईक हातात घेतला, आणि गायच्या आधी बंकटच्या टेबलाशी गेले.

"बंकट, मोनो कर."

"आप्पा, याड लागलं का? सत्कार हाय तुमचा!"

"माजाच हाय ना? मंग मीच ऐकू येऊ दे की लोकांला. कर मोनो, न्हाई तर मी वायर उपटतो."

बंकटनं कपाळावर हात मारला आणि वायर बदलली. आप्पाराव गायले. आता डावीकडं तेच, उजवीकडं तेच. सूर जिथं चुकायचा तिथं इमानदारीत चुकला, तान अर्ध्या वाटेत बसली, ठसका लागला तिथं गाणं थांबलं आणि ठसका गेल्यावर पुन्हा सुरू झालं. विठ्ठलरावांच्या तोंडातली बडीशेप तोंडातच राहिली.

गाणं संपलं. आता तरी लोकांना कळलं असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? नाव काढू नका. विठ्ठलराव उठले, आप्पारावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका आप्पाराव. मोनोत आवाज दबतोच." सगळ्या उजव्या बाजूनं माना डोलावल्या. आप्पारावांना आपलंच वाक्य ओळखू आलं आणि शालीत तोंड घालून ते पोट धरून हसले. लोकांना वाटलं, बिचारे रडताहेत.

पुढच्या शनिवारी आप्पारावांनी बंकटला आधीच बजावलं. बाकीच्यांना खुशाल स्टिरिओ दे, माझ्या पाळीला मोनो. त्यांचा नंबर आला तेव्हा अर्धे बाप्ये चहाला खाली उतरले. आप्पारावांनी सवयीनं डावीकडं बघितलं. लाल खुर्ची रिकामी.

मग त्यांना त्या दिसल्या. छबुबाई उजवीकडं, विठ्ठलरावांच्या मोकळ्या सोफ्यावर, ऐन कूलरपुढं पाय पोटाशी घेऊन आरामात बसल्या होत्या. आप्पारावांनी कसंबसं गाणं उरकलं आणि तडक तिकडं गेले.

"तू इकडं कशी?"

"आता कुठंबी बसलं तरी तुमीच ऐकू येताव," छबुबाई म्हणाल्या. "मंग घामात कावून बसू?"

आप्पाराव शेजारी टेकले. थोडा वेळ कूलरचा वारा खाल्ला. शेवटी धीर करून त्यांनी विचारलंच, "अन गानं? गानं कसं झालं?"

छबुबाईंनी पदर नीट केला, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बीडची गाडी लई ग्वाड पुकारायचाव तुमी."