लॅपटॉपमधली जागा कोणी खाल्ली?

किस्से जमवायचे असं मी कधी ठरवलं नव्हतं. पण वधू-वर सूचक केंद्रात बारा वर्षं काम केलं की ते आपोआप साठतात. रोज थोडे थोडे साठतात, आपल्याला कळत नाही, आणि एक दिवस लक्षात येतं की डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच उरलेली नाही. आमच्या केंद्राच्या लॅपटॉपचंही तसंच झालं. म्हणून म्हटलं, आज त्याचेच सांगावेत.

आमचं केंद्र म्हणजे राजारामपुरीत कुसुमताईंच्या घराची पुढची खोली. एक टेबल, चार खुर्च्या, फॉर्मचं कपाट आणि तो लॅपटॉप. ताई केंद्र चालवतात. मी फॉर्म भरून घेते, फोटो चढवते, फोन करते. ताईंचे यजमान अण्णा रिटायर्ड पीटीचे मास्तर. दुपारी आम्ही जेवायला उठलो की ते लॅपटॉपवर बातम्या बघतात.

आमचा वधू-वर मेळावा दहा दिवसांवर आला होता. तीनशे नवे फॉर्म चढवायचे होते. पहिलाच फोटो चढवायला घेतला आणि लॅपटॉपनं सांगितलं, जागा नाही.

"परवापर्यंत तर होती," ताई म्हणाल्या. "गेली कुठं?"

"भरली असेल ताई."

"आपण काही भरली नाही. मग कोणी भरली?"

नेमका गुरुवार होता आणि समोर वडगावच्या आक्का बसल्या होत्या. आक्का पेठ वडगावच्या. घरची शेती, दुधाची डेअरी, आणि एकच मुलगा महावीर. त्याचं नाव आमच्याकडं नऊ वर्षं आहे. नाव घातलं तेव्हा तो तिशीचा होता. आक्का दर गुरुवारी गुडघ्याच्या डॉक्टरांकडं येतात आणि जाताना आमच्याकडं थांबून महावीरची फाईल उघडून दाखवायला सांगतात. फोटो बघतात, जन्मतारीख वाचून घेतात आणि जातात. आहे की काढून टाकली, एवढंच बघायचं असतं त्यांना.

"जागा सपली म्हंजे?" आक्कांनी विचारलं. "माझ्या महावीरला काढतासा काय?"

"नाही हो आक्का," मी म्हटलं. ताईंनी मात्र नजर चुकवली. आक्कांनी ते बरोबर टिपलं.

*

ताईंचा पहिला संशय पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या केंद्रावर गेला. त्या केंद्राच्या बाईंनी हळदीकुंकवाला ताईंना विचारलं होतं, "तुमच्याकडं स्थळं किती आहेत हो?" ताईंनी ते मनात ठेवलं होतं.

"हल्ली बाहेरून काहीबाही टाकतात म्हणे. आपला मेळावा होऊ नये म्हणून भरवलाय त्यांनी."

त्यांनी वाय-फायचा डबा बंद केला. लॅपटॉपच्या वरच्या बाजूला तो बारीक कॅमेरा असतो, त्याच्यावर स्वतःची टिकली काढून लावली. दोन दिवस आम्ही इंटरनेटशिवाय काढले. तिसऱ्या दिवशी जागा बघितली तर होती तेवढीच.

"बघ," ताई म्हणाल्या, "वाढायचं तरी थांबलं."

ती टिकली अजून आहे. आमचा लॅपटॉप सवाष्ण दिसतो.

*

मग दुरुस्तीवाले शिंदे आले. म्हणाले, "दुकानात नेतो, संध्याकाळी आणून देतो."

"पाचशे मुलींचे फोटो आणि फोन नंबर आहेत यात. हा उंबरा ओलांडणार नाही," ताई म्हणाल्या.

शिंद्यांनी तिथंच काम सुरू केलं. सोनार आपला दागिना आटवत असताना आपण जसं बसतो, तशा ताई खुर्ची लावून शेजारी बसल्या. वर अट घातली की आतला एकही फोल्डर उघडायचा नाही.

"ताई, पोट न तपासता डॉक्टरनं औषध कसं द्यायचं?"

"पूर्वी वैद्य नाडीवर देत होते."

शिंद्यांनी मग कचऱ्याचा डबा दाखवला. आपण काही काढून टाकलं की ते लॅपटॉपमधल्या त्या डब्यात जातं, हवं तर तिथनं परत आणता येतं, आणि डबा रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आमचा डबा कधीच रिकामा झाला नव्हता. ताईंनी त्यातली एकेक गोष्ट डोळ्याखालून घातली, तासभर, आणि मग परवानगी दिली. थोडी जागा झाली, पण तीनशे फॉर्मना पुरण्यासारखी नाही.

शिंदे निघाले तसा ताईंनी कागद पुढं केला. "काय काय काढलं ते लिहा आणि खाली सही करा."

शिंद्यांनी लिहिलं, "कचरा." खाली सही केली. तो कागद आमच्या कपाटात लावून ठेवलेला आहे.

*

जाताना शिंद्यांनी मला एक शिकवलं होतं. फोल्डरवर उजवं बटण दाबलं की तो किती जागा खातो ते दिसतं. ताई लगेच कामाला लागल्या. एकेक फोल्डर तपासता तपासता 'लाईट बिल' नावाच्या फोल्डरवर येऊन थांबल्या.

"चाळीस जीबी? एवढी लाईट आपण जाळली कधी?"

उघडून बघितलं तर आत कुस्त्या. खासबाग मैदानातल्या, गावोगावच्या जत्रांमधल्या, कुणाकुणाच्या मोबाईलवर घेतलेल्या. अण्णा दारात उभे होते. तालमीतल्या मातीत पाठ लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"या बातम्या होय?"

"लाईट बिल तू उघडून बघणार नाहीस असं वाटलं होतं," अण्णा म्हणाले.

ताईंनी सगळं काढायला सांगितलं. अण्णांनी दोन दिवस मागून घेतले आणि शेवटी तडजोड केली, की बरोबरीत सुटलेल्या तेवढ्या काढतो. दोनच निघाल्या.

*

इथं आमच्या केंद्राची एक रीत सांगायला हवी. लग्न जमलं की त्या घरच्यांनी पेढे घेऊन यायचं आणि आपल्या मुलाची किंवा मुलीची फाईल स्वतःच्या हातानं काढायची. आम्ही डिलीटच्या बटणाला हात लावत नाही. कारण पूर्वी एकदा जमलेलं लग्न मोडलं होतं आणि मुलीचे वडील ताईंना म्हणाले होते, "तुम्ही आमची फाईल आधीच काढलीत, तिथनंच अपशकून झाला." तेव्हापासून ही रीत. आमच्या लॅपटॉपचं ते एकच बटण पेढ्याच्या बोटांनी चिकट झालेलं आहे.

पण सगळेच काही पेढे घेऊन येत नाहीत. काहींची लग्नं होतात आणि ती माणसं आम्हाला विसरतात. म्हणून ताईंनी मला जुन्या सगळ्यांना फोन करायला बसवलं. ज्यांचं झालंय त्यांनी येऊन आपली फाईल काढावी, म्हणजे तेवढीच जागा.

मुरगूडच्या एका मुलाच्या नंबरवर एका बाईंनी फोन उचलला.

मी म्हटलं, "नमस्कार, वधू-वर केंद्रातून बोलतेय. त्यांचं नाव आमच्याकडं आहे, अजून ठेवायचं आहे का?"

पलीकडं चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग, "मी कोण ते मागनं सांगतो. आधी सांगा, नाव कवापासनं हाय?"

"सहा वर्षं झाली असतील."

"आमच्या लग्नाला चार झाली."

मी पुष्कळ समजावून सांगितलं की ते काढायचं राहून गेलं असेल. त्या म्हणाल्या, "राहून गेलं का ठेवलं, ते मी बघतो की."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं नवरा-बायको मोटरसायकलवरून हजर. नवऱ्यानं खाली मान घालून बटण दाबलं. बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली, डबाही रिकामा करायला लावला, आणि मग विचारलं, "दुसऱ्या कुठल्या केंद्रात हाय काय?"

पेढे आणले नव्हते.

*

आता माझंही सांगते.

तीन वर्षांपूर्वी शिंद्यांनी मला सांगितलं होतं, "वहिनी, लॅपटॉप म्हातारा झालाय. आठवड्याला एक कॉपी काढून ठेवत जा." मी ते मनावर घेतलं. दर शनिवारी घरी जायच्या आधी सगळ्या फाईली उचलायच्या आणि 'सुनंदा' नावाच्या माझ्या फोल्डरमध्ये त्यांची एक कॉपी ठेवायची. सणवार सोडले तर एकही शनिवार चुकवला नाही. लॅपटॉप कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून मी त्याच्यातच सगळं जपून ठेवत होते.

उजवं बटण शिकल्यावर ताई जेवायला गेलेल्या असताना मी हळूच माझ्या फोल्डरवर दाबून बघितलं. आकडा वाचला आणि बंद केलं.

चार दिवस मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. ताईंचा संशय गल्लीतल्या केंद्रावर जाऊन आला होता, शिंद्यांवर जाऊन आला होता, अण्णांवर तर मुक्कामालाच होता. माझ्यावर तेवढा आला नव्हता. बारा वर्षांत कधीच आला नव्हता.

पुन्हा गुरुवार आला. मेळावा तीन दिवसांवर. आक्का येऊन बसल्या आणि त्यांच्यासमोरच ताई म्हणाल्या, "सुनंदा, आता दुसरा इलाज नाही. पाच वर्षांच्या वरचे सगळे काढून टाक. ज्यांचं झालं त्यांचं झालं. ज्यांचं इतक्या वर्षांत नाही झालं, त्यांचं काय होणार आहे?"

आक्कांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मला ठावं हुतं. त्या दिवशीच तुमचं तोंड बघून कळलं हुतं."

"आक्का, समजून घ्या. जागा नाही."

"एवढासा फोटू त्येचा. त्यो किती जागा खातोय? आणि मेळाव्यात त्येचं नाव न्हाय आलं तर मग कवा यायचं? चाळिशी झाल्यावर? मी हितंच बसतो. काढा बघू कसा काढतासा ते."

आणि त्या खरंच बसल्या. गुडघा दाबत, लॅपटॉपकडं बघत. ताईंनी मला खूण केली. काढायच्या यादीत पहिलंच नाव महावीरचं होतं.

मी म्हटलं, "ताई, जागा मी खाल्लीय."

मग सगळं सांगितलं. शनिवार, कॉपी, फोल्डर. ताईंनी फोल्डर उघडला. आत एकाखाली एक फोल्डर, बोट लावून मोजले तर एकशे चाळीस. प्रत्येकात सगळे फॉर्म, सगळे फोटो. ताईंनी मधलाच एक उघडला, त्यात महावीर. दुसरा उघडला, त्यातही महावीर, त्याच निळ्या शर्टात.

ताईंनी तिसराही उघडून बघितला. "म्हणजे हा मुलगा आपल्याकडं एकशे चाळीस वेळा आहे?"

आक्का म्हणाल्या, "आणि एकडाव जमंना."

*

संध्याकाळपर्यंत सगळ्या जास्तीच्या कॉप्या काढून टाकल्या. ताई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. आतापर्यंत त्या माझ्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या. कामाला लागायच्या आधी त्यांनी मलाही कागद दिला. मी लिहिलं, "एकशे चाळीस कॉप्या," आणि सही केली. तो शिंद्यांच्या कागदाखाली लावलेला आहे.

*

मेळाव्यात महावीरचं जमलं.

मुलगी शिरोळकडची, रूपाली, बालवाडीत शिकवते, पस्तिशीची. तिचंही नाव आमच्याकडं पाच-सहा वर्षं होतं. दोघांनी मेळाव्याच्या मंडपामागं अर्धा तास बोलून घेतलं आणि पंधरा दिवसांत सुपारी फुटली.

बुधवारी रूपालीची आई पेढे घेऊन आली आणि आपली फाईल काढून गेली. गुरुवारी आक्का आल्या. नवं लुगडं, हातात पेढ्यांचे दोन बॉक्स. ताईंच्या तोंडात पेढा घातला, माझ्या घातला, अण्णांना बोलावून घातला. मग खुर्चीवर बसल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि बटण दाबलं. महावीर नऊ वर्षांनी यादीतून गेला.

"आता कचऱ्याच्या डब्यातनंही त्याला काढते," म्हणून मी पुढं झाले तर त्यांनी माझा हात धरला.

"त्यो लगीच मोकळा करू नगं."

"का हो आक्का?"

"अक्षता पडू देत."

अक्षता पडल्या. ताई आणि मी लग्नाला जाऊन आलो. जेवण फार छान होतं. नंतर महिनाभरानं गुरुवारी आक्का आल्या, प्रसन्न दिसत होत्या. सून स्वयंपाक चांगला करते म्हणाल्या, गुडघ्याला तेल लावून देते म्हणाल्या.

"आता कर मोकळा," त्या म्हणाल्या. "न्हायतर थांब, मीच करतो. माझ्या हातानं."

मी डबा उघडून दिला. आत दोनच फाईली होत्या. आक्कांनी चष्मा लावून वाचल्या. एक महावीर. त्याच्याखाली रूपाली.

"ही हितं कशी?"

आता मी कुणाशीच खोटं बोलत नाही. म्हटलं, "त्यांच्या आई सांगून गेल्या होत्या. अक्षता पडेपर्यंत राहू दे म्हणून."

"अक्षता पडून महिना झाला की."

"हो. पण त्या अजून काढायला आल्या नाहीत."

आक्कांनी ती दोन्ही नावं पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी बटणावरचं बोट उचललं, पदराला पुसलं आणि पिशवी घेऊन उठल्या.

"त्येंनी काढू दे आधी," त्या म्हणाल्या. "मी येतो पुढच्या गुरुवारी."