खांदा आधी हलतो

मी मुलींच्या सॉफ्टबॉलचे फोटो काढायला शिकत होतो. स्पर्धा सुरू झाल्यापासून एक मासेवाली मावशी मिरकरवाडा बंदरावरून रिकामी पाटी घेऊन नातीसाठी मैदानावर यायची आणि माझ्या शेजारी उकिडवी बसायची. माझे फोटो ती माशाचे कल्ले तपासावेत तशी निरखायची. प्रत्येकात चेंडू निसटलेला असायचा.

"चेंडूमागं काय लागतोस? पोरीचा खांदा बघ. जाळं फेकणाऱ्याचाही खांदाच आधी हलतो."

शेवटच्या दिवशी मी खांदा हलताच बटण दाबलं. बॅट आणि चेंडू एकत्र सापडले!

"मावशी, यातली तुमची नात कुठली?" मी खुशीत विचारलं.

"ती होय? राखीव आहे ना, स्पर्धाभर बाकावरच बसलीय." मावशी मनापासून हसली. "जा, तिचाही काढ. हलत नाही, तुला सोपी जाईल."