जुगार नव्हे, अभ्यास

काका आधी चष्मा काढायचे, स्वेटरच्या टोकाने पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि मग काउंटरवर बोट टेकवून म्हणायचे, "जुगार नव्हे गं, अभ्यास!"

मी इकडे विलायतेत, स्टॅनमोरजवळ एका बेटिंग शॉपमध्ये कॅशियर आहे. नागपूरला आईला 'स्पोर्ट्स कंपनीत आहे' असं सांगितलंय. इथे मॅचवर पैसे लावायला बंदी नाही. चिठ्ठीवर लिहायचं, काउंटरवर द्यायचं, झालं. त्यामुळे आईशी मी अगदीच खोटं बोललेली नाही, अशी मी माझी समजूत घालते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला वाटतं की सगळं जग घाईत आहे आणि नीट बघणारा तो एकटाच. काका आमच्या दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक; त्यांची उभी हयात इथल्या बसची वेळापत्रकं बनवण्यात गेली होती. आता ते लेकीकडे राहत आणि वहीत फुटबॉलच्या टीम मांडत. कोणती टीम किती प्रवास करून आली, गोलकीपरचं बोट कधी दुखावलं, मैदान रुंद की अरुंद, वारा कुठून. आणि एवढं सगळं करून पैसे लावायचे ते नेमके तळाच्या टीमवर.

"वरच्या टीमचं सगळ्यांना पाठ असतं," ते म्हणायचे. "खालच्याकडे कोण बघतं? मी बघतो."

"काका, तुमचा अभ्यास चांगला असतो. पेपरच अवघड निघतो," मी म्हणायचे. ते मनापासून हसायचे. हरायचेही तितक्याच मनापासून.

मग एका शनिवारी घोळ झाला. नातीला फुटबॉलच्या प्रॅक्टिसला सोडून ते आमच्या दुकानात बसले आणि वहीत असे बुडाले की तिला आणायचंच विसरले. आठ वर्षांची पोर तासभर पावसात उभी. लेकीने एकच सांगितलं: पुन्हा पैसे लावलेत तर नात तुमच्याबरोबर एकटी कुठेही जाणार नाही.

सोमवारी दुकान उघडताच काका दारात. इथे एक फॉर्म असतो. माणूस स्वतःच लिहून देतो, मला वर्षभर आत घेऊ नका. त्याचा फोटो काउंटरमागे लागतो आणि फॉर्मवर जितक्या दुकानांची नावं, तितक्या ठिकाणी जातो. काकांनी नावं सांगितली, मी लिहिली. आपला गणपती बसतो त्या हॉलशेजारचं दुकान आलं, तेव्हा ते थांबले.

"ते नको गं. आपली सगळी माणसं तिथून ये-जा करतात. कोणी फोटो पाहिला तर काय म्हणतील?"

मी लिहायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची मला सवय नाही. आणि लोक काय म्हणतील, हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मी ते नाव सोडून दिलं.

पुढचे काही महिने ते नातीचा हात धरून काचेबाहेरून जायचे, हात वर करायचे. आत पाऊल नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

आणि मग ती मॅच आली. सगळ्यांत वरची टीम विरुद्ध सगळ्यांत खालची. तळाच्या टीमने कित्येक आठवड्यांत एकही सामना जिंकला नव्हता. त्या दुपारी काका सरळ आत आले.

"काका, तुम्हाला आत घेता येत नाही."

"लावत नाही. नुसतं ऐक. घरी हा विषय काढायचीही चोरी आहे."

त्यांना लगेच बाहेर काढायचा नियम होता. मी ऐकलं. वरची टीम बुधवारी परदेशात खेळून थकून आलेली, दोन भरवशाचे बचावपटू बाहेर, खालच्यांचं मैदान अरुंद, वारा जोराचा. "आज जिंकतायत बघ," ते म्हणाले.

"काका, घरी जा. पाया पडते."

"जातो," म्हणाले आणि वही मिटली. काचेतून मी बघत होते. ते रस्ता ओलांडून समोरच्या स्टॉपवर उभे राहिले. घरची बस त्या बाजूने जात नाही. हॉलकडची जाते. माझ्यापुढे रांग होती, काउंटरवर मी एकटी. बस आली आणि गेली.

मग दुकानातल्या टीव्हीवर मी ती मॅच पाहिली. एका म्हाताऱ्या माणसाने हरावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला साकडं घातलं. हरले असते तर नेहमीसारखे गुपचूप घरी गेले असते. जिंकलेला माणूस गुपचूप घरी जात नाही. शेवटच्या मिनिटांत कॉर्नरवरून तळाच्या टीमने गोल केला. दुकानभर शिव्या सुरू झाल्या, आणि मी खुर्चीत बसले.

काकांनी नातीसाठी नवे फुटबॉल बूट घेतले, उत्तमातले. लेकीने विचारलं, पैसे कुठून आले?

सोमवारी ती दुकानात आली. इथेच जन्मलेली, मंडळात भेटणारी. "तुम्ही बाबांना आत का घेतला? बाबांनी प्रॉमिस केला होता."

मी तिला खरं ते सगळं सांगितलं, फॉर्मवर न लिहिलेल्या त्या दुकानासकट. ती माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती स्टुलावर बसून राहिली. "मला त्यांना पनिश नाही करायचं. पण माझी मुलगी रेनमध्ये वन अवर उभा होती. आय कान्ट, रिअली."

काकांना एडिनबऱ्याला मुलाकडे पाठवलं. जाताना ते दुकानात आले नाहीत. येऊ शकत नव्हते, फोटो होता ना. काचेबाहेर थांबले, चष्मा काढला, पुसला आणि चढवला.

परवा त्या फॉर्मची मुदत संपली आणि भिंतीवरून फोटो मीच काढला. आता काका आले तर त्यांना अडवायचा कोणताही नियम माझ्याकडे नाही. शनिवारी दार उघडलं की मी वर बघते. काका येत नाहीत.